दोन ग्राफिक्स कार्डांसाठीं मदरबोर्ड : अल्प खर्चांत निवड कशी करावी

संगणकाची खरेदी ही शहरांतील सधन घरास किरकोळ बाब वाटत असेल. परंतु आमच्या कळंबसारख्या गांवीं आणि त्याच्या सभोंवारच्या वाड्यांवस्त्यांवर ती तशी नाहीं. येथें भाताच्या एका हंगामाचे पैसे, दुधाचे पैसे, किंवा मुंबईस नोकरीला असलेल्या वडील भावानें महिन्यामहिन्याला बाजूस ठेविलेले पैसे एकत्र होतात, तेव्हां कोठें घरांत एक बरा संगणक येतो. असा पैसा एकदां चुकीच्या वस्तूंत गुंतला म्हणजे तो सहसा परत येत नाहीं, आणि त्याबरोबर शिकणाऱ्या मुलाचें किंवा मुलीचें एक वर्षहि व्यर्थ जातें. ॲनिमेशन किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता ह्या विद्या घरबसल्या शिकूं पाहणाऱ्या तरुणांच्या तोंडीं हल्लीं एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो : दोन ग्राफिक्स कार्डें बसतील असा स्वस्त मदरबोर्ड कोणता? ह्या प्रश्नाचा शक्य तितका उलगडा करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रश्नाचे वस्तुतः तीन भाग आहेत. दोन कार्डांची खरोखर गरज आहे काय, हा पहिला. गरज असल्यास मदरबोर्डांत नेमकें काय पाहावें, हा दुसरा. आणि पैसा वांचवावयाचा तो कोठें वांचवावा व कोठें वांचवूं नये, हा तिसरा. पहिल्याचें उत्तर न देतां जो दुसऱ्याकडे धांवतो, त्याचें बहुधा नुकसान होतें. म्हणून आम्ही पहिल्यापासूनच आरंभ करितों.

कर्जत स्टेशनावर पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांस मागून जादा इंजिनें जोडतात, हें आपल्या तालुक्यांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. पुढें बोरघाट आहे. १८६३ सालीं हा घाटांतील लोहमार्ग खुला झाला. त्याची चढण कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट इतकी आहे. ती चढण एकट्या पुढच्या इंजिनास जड जाते, म्हणून मागून दुसरें बळ लावावें लागतें. परंतु कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या सपाटीवर हीं इंजिनें कोणी जोडीत नाहीं. शिवाय मागचें इंजिन नुसतें जोडून भागत नाहीं. दोन्हीं इंजिनांनीं एकाच वेळीं, एकाच दिशेनें व एकमेकांच्या बेतानें जोर लाविला पाहिजे. दोन ग्राफिक्स कार्डांची गोष्ट हुबेहूब अशीच आहे. काम चढणीचें असावें, आणि तें काम दोघांत वांटून देणारा कोणी असावा. तरच दुसऱ्या कार्डाचा उपयोग.

संगणकाच्या खेळांसाठीं दोन कार्डें जोडण्याची कल्पना जुनी आहे. १९९८ सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ ह्या कार्डांची जोडी पडद्यावरील चित्राच्या ओळी एकाआड एक वांटून घेत असे. २००४ सालीं एन्व्हिडिया कंपनीनें एसएलआय ह्या नांवानें, आणि २००५ सालीं एटीआय कंपनीनें क्रॉसफायर ह्या नांवानें ही रीत पुन्हां प्रचारांत आणली. पुढें कांहीं वर्षें तिचा मोठा बोलबाला झाला. परंतु प्रत्येक खेळासाठीं कामाच्या वांटणीचा वेगळा बंदोबस्त करावा लागे; तो नीट न झाल्यास चित्र अडखळे. अखेर १ जानेवारी २०२१ पासून एन्व्हिडियानें आपल्या त्या वेळच्या कार्डांसाठीं असा नवा बंदोबस्त करणें थांबविलें. २०२० सालच्या आरटीएक्स ३०९० ह्या त्या कंपनीच्या खेळांच्या कार्डावर जोडणीची सोय होती. २०२२ सालच्या आरटीएक्स ४०९० वर ती सोय नाहीं. तात्पर्य, ज्यास केवळ खेळ खेळावयाचे आहेत त्यानें दोन कार्डांचा विचार आजच सोडून द्यावा, आणि तोच पैसा एका अधिक चांगल्या कार्डांत घालावा. त्याचप्रमाणें दोन किंवा तीन पडदे लावावयाचे आहेत म्हणून दुसरें कार्ड घेण्याचेंहि कारण नाहीं. आजचें बहुतेक साधें कार्ड एकटेंच तीन-चार पडदे चालवितें.

मग दुसरें कार्ड उपयोगीं पडतें कोठें? जेथें कामाचे सहज तुकडे पडतात तेथें. ब्लेंडर हा मोफत मिळणारा कार्यक्रम ॲनिमेशनाचीं चित्रें तयार करितांना एका चित्राचें काम दोन कार्डांस वांटून देऊं शकतो, व वेळ बराच वांचतो. मात्र येथें एक मर्म ध्यानांत ठेवावें : त्या देखाव्याची संपूर्ण प्रत प्रत्येक कार्डाच्या स्मृतींत स्वतंत्रपणें बसावी लागते. बारा जीबीचीं दोन कार्डें घेतलीं म्हणून देखावा चोवीस जीबीचा करतां येईल, असें सर्वसाधारणपणें समजूं नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषिक प्रतिमानांची गोष्ट याहून निराळी आहे. लामा-सीपीपी सारखे मोफत कार्यक्रम प्रतिमानाचे थर कापून कांहीं थर एका कार्डावर व कांहीं दुसऱ्यावर ठेवितात. तेथें बारा आणि बारा मिळून जवळजवळ चोवीस जीबीचा उपयोग होतो. आणि जें प्रतिमान एका कार्डांत मावतच नाहीं तें दोहोंत मावतें. अल्प पैशांत दोन कार्डें घेण्याचें आज सर्वांत सबळ कारण हेंच होय.

लहान लहान यंत्रांत काम वांटून मोठें कार्य साधण्याची विद्या आपल्या महाराष्ट्रास नवी नाहीं. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, तो ट्रान्सप्युटर नांवाचे अनेक लहान प्रोसेसर एकत्र गुंफूनच. त्याच संस्थेचा परम सिद्धि-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्यें जगांतील पांचशें महासंगणकांच्या यादींत ६३ व्या स्थानीं होता. त्याचें बळ ग्राफिक्स जातीच्या प्रोसेसरांच्या समूहांत आहे. आणि सह्याद्रीच्या पलीकडे, जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, तिच्याकडे येणारे आकाशांतील संदेश एकमेकांशीं ताडून पाहण्याच्या कामींहि ग्राफिक्स कार्डांचा समूह राबतो. तीस तबकड्यांचें काम तुकड्यांत वांटतां येतें, म्हणूनच हें शक्य होतें. ज्या विद्यार्थ्यास पुढें अशा ठिकाणीं काम करण्याची उमेद आहे, त्यानें घरच्या दोन कार्डांवर वांटणीचा धडा गिरविला तर तो वायफळ खर्च म्हणतां येणार नाहीं.

आतां मदरबोर्डाकडे वळूं. मदरबोर्डावर ग्राफिक्स कार्ड ज्या लांब खांचेंत बसतें तीस स्लॉट म्हणतात. त्या स्लॉटांतून प्रोसेसराकडे माहितीची ने-आण करणाऱ्या ज्या वाटा असतात त्यांस लेन म्हणतात. पीसीआय एक्स्प्रेस नांवाच्या ह्या पद्धतीच्या तिसऱ्या पिढींत एका लेनमधून सेकंदास सुमारें एक जीबी माहिती एका दिशेनें जाते. चौथींत दोन, पांचवींत चार. आणि जुन्या दुसऱ्या पिढींत केवळ अर्धा जीबी. साधारण घरगुती प्रोसेसराजवळ कार्डांसाठीं अशा सोळा लेन असतात. ह्या सोळा लेन एकाच स्लॉटास द्याव्या, किंवा आठ-आठ अशा दोन स्लॉटांस वांटून द्याव्या, हें मदरबोर्डाच्या रचनेवर अवलंबून आहे.

खरी गोम येथेंच आहे. स्वस्त मदरबोर्डावरहि दोन लांब स्लॉट दिसतात, आणि पाहणारा समजतो कीं दोन्ही सारखेच. वस्तुतः पुष्कळदां पहिल्यास प्रोसेसराच्या सोळाच्या सोळा लेन मिळालेल्या असतात. दुसरा लांबीनें तेवढाच असला तरी आंतून केवळ चार लेनचा, तोहि चिपसेटाच्या मार्फत जोडलेला. चिपसेटाची वाट डिस्क, यूएसबी व जाळें यांच्याशीं सामाईक असते. गांवाला जाणारा रस्ता पुढें रुंद असला तरी मधला पूल अरुंद असेल तर गाड्या पुलाच्याच बेतानें जाणार, तसा हा प्रकार. खोक्यावर क्रॉसफायर असा शब्द छापलेला असला तरी त्यावरून दोन्ही स्लॉट सारखे आहेत असें ठरत नाहीं; कारण क्रॉसफायर चार लेनवरहि चालत असे, आणि एसएलआय ह्यास मात्र निदान आठ लेन लागत.

कोणत्या जातीचा मदरबोर्ड लेन वांटूं शकतो, याचा ठोकळ नियम असा. इंटेल प्रोसेसरांच्या बाबतींत झेड अक्षराच्या चिपसेटांस, जसे झेड ६९० व झेड ७९०, आठ-आठ वांटणीची मुभा आहे; बी ६६०, बी ७६० किंवा एच ६१० यांस ती नाहीं. एएमडी कंपनीच्या एएम ४ सॉकेटावर एक्स ३७०, एक्स ४७० व एक्स ५७० यांस मुभा आहे. ए ३२०, बी ३५० व बी ४५० यांस नाहीं. बी ५५० यांस मुभा असली तरी तिचा लाभ थोड्याच मदरबोर्डांनीं घेतला आहे. गिगाबाइटचा बी ५५० व्हिजन डी व असूसचा प्रोआर्ट बी ५५० क्रिएटर हे त्यांतील दोन. परंतु मुभा असणें आणि सोय असणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. वांटणीसाठीं मदरबोर्डावर जादा भाग बसवावे लागतात, व त्यांचा खर्च टाळण्यासाठीं झेड अक्षराच्या पुष्कळ स्वस्त मदरबोर्डांतहि दुसरा स्लॉट चिपसेटावरचाच ठेवितात. तेव्हां अक्षरावर विसंबूं नये, पुस्तिका पाहावी. शिवाय प्रोसेसरहि पाहावा. रायझन ५ ३४००जी सारख्या कांहीं प्रोसेसरांजवळ कार्डांसाठीं मुळांत आठच लेन असतात. आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

येथें वाचक विचारील : चार लेनचा स्लॉट अगदींच निरुपयोगी काय? नाहीं, आणि पैसा वांचविण्याची पहिली जागा हीच आहे. हिशेब करून पाहूं. बी ४५० मदरबोर्डाचा दुसरा स्लॉट सामान्यतः दुसऱ्या पिढीच्या चार लेनचा असतो, म्हणजे सेकंदास सुमारें दोन जीबी. पहिला तिसऱ्या पिढीच्या सोळा लेनचा, म्हणजे सुमारें सोळा जीबी. आठ जीबीचा देखावा किंवा प्रतिमान कार्डावर चढवावयास पहिल्या स्लॉटांत अर्धा सेकंद लागेल, दुसऱ्यांत चार. परंतु एकदां माल कार्डाच्या स्मृतींत पोंचला कीं पुढचें काम कार्डाच्या आंतच चालतें. एक चित्र तयार होण्यास दहा मिनिटें लागत असतील, तर आरंभींच्या साडेतीन सेकंदांचें दुःख कोण करितो? थर वांटून चालविलेल्या भाषिक प्रतिमानांतहि एका कार्डाकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती थोडी असते. उलट, प्रतिमानास नवें शिक्षण द्यावयाचें असल्यास दोन्ही कार्डांस एकमेकांशीं सारखें बोलावें लागतें. तेथें चार लेन अपुऱ्या पडतात व आठ-आठ वांटणीचा मदरबोर्ड सार्थकीं लागतो. म्हणून आमचें मत असें कीं, ब्लेंडरचें काम किंवा तयार प्रतिमान चालविणें एवढाच हेतु असेल, तर चिपसेटावरील चार लेनचा, शक्य तर तिसऱ्या पिढीचा स्लॉट असलेला साधा बी ५५० मदरबोर्ड पुरे आहे. एकाच लेनचा लांब स्लॉट मात्र घेऊं नये.

ज्या ठिकाणीं पैसा वांचवूं नये त्या जागा तीन आहेत : अंतर, वीज आणि वारा. बहुतेक कार्डें दोन स्लॉटांची जागा व्यापतात. पहिलें कार्ड पहिल्या जागीं बसलें कीं दुसरी जागा झांकली जाते. दुसरें कार्ड तिसऱ्या जागीं बसविल्यास पहिल्याच्या पंख्यास हवाच मिळत नाहीं. म्हणून दुसरा लांब स्लॉट निदान चौथ्या जागीं असावा. एटीएक्स मापाचा मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर असतो व त्यावर सात जागा असतात. मायक्रो-एटीएक्स हा २४४ मिलिमीटरांचा चौरस. त्यावर चारच जागा. तेथें चौथ्या जागींचें जाड कार्ड मदरबोर्डाच्या कडेबाहेर येतें, व नेहमींच्या लहान कॅबिनेटांत तें बसत नाहीं.

विजेचा हिशेबहि आधींच करावा. आरटीएक्स ३०६० हें बारा जीबीचें कार्ड १७० वॅट घेतें; दोन कार्डांचे ३४० झाले. प्रोसेसराचे सुमारें ७५ व बाकीच्या भागांचे ५० धरिल्यास बेरीज ४६५ होते. अशा यंत्रास नामांकित कंपनीचा ७५० वॅटांचा एसएमपीएस घ्यावा, म्हणजे क्षणिक झटकेहि निभावतात. स्लॉटांतून कार्डास जास्तींत जास्त ७५ वॅट मिळतात, व आठ पिनांच्या तारेंतून १५० वॅट. प्रत्येक कार्डास एसएमपीएसपासून स्वतंत्र तार द्यावी. पावसाळ्यांत आपल्या भागांत वीज जाते-येते, म्हणून कोणी यूपीएस घेतात. परंतु ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारणतः ३६० वॅटांचाच भार सोसतो. तो वरील यंत्र पूर्ण कामांत असतांना उपयोगाचा नाहीं. चांगलें अर्थिंग मात्र प्रत्येक घरीं असलेंच पाहिजे.

जुन्या मालाचा मार्गहि विचारांत घेण्यासारखा आहे. कचेऱ्यांतून निघालेलीं वर्कस्टेशन जातीचीं यंत्रें, जसे एचपीचें झेड ४४० किंवा डेलचें प्रिसिजन टी ५८१०, बाजारांत मिळतात. त्यांतील झिऑन ई ५ च्या तिसऱ्या मालिकेच्या प्रोसेसराजवळ, जी २०१४ सालीं निघाली, तिसऱ्या पिढीच्या चाळीस लेन असतात. त्यामुळें दोन कार्डांस पूर्ण सोळा-सोळा लेन मिळूं शकतात. इतकी सोय नव्या मालांत ह्या किंमतीस मिळणें दुर्मिळ. उणिवा अशा कीं, ह्या यंत्रांचा एसएमपीएस कंपनीच्या खास घडणीचा असतो, म्हणून त्याचे वॅट व कार्डांच्या तारा आधींच मोजाव्या. आणि विंडोज ११ ह्या प्रोसेसरांस अधिकृतपणें मानीत नाहीं, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. लिनक्सवर काम करणाऱ्यास ही अडचण नाहीं. तसेंच, इथेरियम ह्या आभासी चलनाचें उत्खनन १५ सप्टेंबर २०२२ रोजीं बंद पडल्यावर तेथें झिजलेला पुष्कळ माल विक्रीस आला. उत्खननाच्या मदरबोर्डावर दहा-बारा स्लॉट दिसतात. परंतु एक सोडून बाकीचे प्रत्येकीं एका लेनचे असतात. एक ना धड, भाराभर चिंध्या!

आपल्याकडील पुष्कळ ग्राहक नेरळहून लोकलनें दादरपर्यंत व तेथून पश्चिम रेल्वेनें ग्रँट रोडला जाऊन लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाच्या, बाजारांत खरेदी करितात. तेथें जाण्यापूर्वींच घरीं एक काम उरकावें. मदरबोर्डाची पुस्तिका कंपनीकडून फुकट मिळते. ती भ्रमणध्वनीवर उतरवून घ्यावी व तींतील स्लॉटांचें पान वाचावें. दोन्ही स्लॉट आठ-आठ चालतात काय, दुसरा प्रोसेसरावर आहे कीं चिपसेटावर, त्याची पिढी कोणती, आणि एम-टू जातीची डिस्क लाविल्यास तो स्लॉट बंद पडतो काय, हीं चार उत्तरें कागदावर लिहून न्यावीं. दुकानदार घाईंत असतो व वाटेल तें सांगूं शकतो. कागद घाईंत नसतो. बिल अवश्य घ्यावें. यंत्र जोडल्यावर विंडोजवर जीपीयू-झेड ह्या मोफत कार्यक्रमांत प्रत्येक कार्डास किती लेन मिळतात तें दिसतें. माल परत करण्याची मुदत आहे तोंपर्यंतच तें पाहून घ्यावें.

आणखी एक सल्ला द्यावासा वाटतो. आरंभीं एकच कार्ड घ्यावें, पण मदरबोर्ड, एसएमपीएस व कॅबिनेट दोहोंच्या बेताचीं घ्यावीं. सहा महिने काम करावें. कार्डाची स्मृति खरोखर अपुरी पडते, किंवा एका चित्रास रात्र रात्र लागते, असें अनुभवास आलें, तरच दुसरें कार्ड आणावें. न आल्यास तेवढे पैसे घरीं राहिले, आणि मदरबोर्डावर जो थोडा अधिक खर्च झाला तो फार जड जाणार नाहीं.

बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दृष्टांत आपल्या शाळेंत सर्वांनीं ऐकलेला आहे. त्यांतील शिकवण बुरूज न बांधण्याची नव्हे. तो पुरा होईल अशा बेतानें बांधण्याची आहे. आईबापांनीं कष्टानें सांठविलेल्या पैशांतून येणारें यंत्रहि ह्याच बेतानें आणावें, म्हणजे तें मिरविण्याची वस्तु न होतां शिकण्याचें साधन होईल, अशी आमची आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस कळकळीची सूचना आहे.